शंभर सीसीच्या दोन गाड्या आणि रामेश्वर

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावास्या, झाली की निघायचे, एवढे एकच दिवाळीत ठरले होते. त्याप्रमाणे ११ जानेवारी २०२४ रोजी दाजींच्या शेतात आंबील, भज्जी आणि उंड्यांची पंगत उठली आणि १३ तारखेला पहाटे आम्ही दोघे अंबाजोगाईहून रामेश्वरला निघालो. माझी गाडी २०१० सालची स्प्लेंडर, दाजींची तिच्याहून चार वर्षांनी लहान असलेली प्लॅटिना. दोन्ही शंभर सीसी गटातल्या, दोन्हींची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास आणि वजन एकशेदहा किलोच्या घरात. जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटरच्या वर प्रवास झाला. परत आल्यापासून अनेकांनी या प्रवासाची विचारपूस केली, विशेषतः ज्यांच्या दारात अशीच गाडी उभी आहे त्यांनी. म्हणून तयारीपासून सगळे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

निघण्यापूर्वी गावात बहुतेकांनी एकच शंका काढली, की एवढीशी गाडी एवढा पल्ला झेपवेल का. मला स्वतःला इंजिनाची काळजी कधीच नव्हती. या गाड्या आपल्याकडे दोन माणसे, दुधाच्या कॅनी आणि खताचे पोते घेऊन कच्च्या रस्त्याने वर्षानुवर्षे चालतात. एक माणूस आणि पंधरा किलो सामान घेऊन डांबरी रस्त्याने जाणे हे त्यांच्यासाठी हलके काम आहे. लहान इंजिन अंतराने थकत नाही, ते वेगाने आणि हेळसांडीने थकते, असे माझे ठाम मत आहे. दाजींनी तेच शेतकऱ्याच्या भाषेत सांगितले होते : “गुरुजी, बैलाला रोज दहा कोस चालवता येतं, पळवलं तर तो पहिल्याच दिवशी बसतो.”

म्हणून वेगाचा नियम आम्ही आधीच घालून घेतला. काटा पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान ठेवायचा आणि रस्ता कितीही मोकळा असला तरी त्यापुढे जायचे नाही. यामागे साधे गणित आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे पन्नासऐवजी सत्तरने गेल्यास हा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, आणि तो कापण्यासाठी लागणारी ताकद पावणेतीनपटीच्या आसपास जाते. मोठ्या गाडीकडे त्यासाठी शिल्लक ताकद असते. आमच्याकडे ती नव्हती, आणि जी होती ती पेट्रोल जाळूनच मिळणार होती. एका दुपारी कर्नूलच्या अलीकडे मुक्कामाला उशीर होईल या भीतीने मी हा नियम मोडला आणि सत्तरच्या आसपास गाडी ठेवली. त्या दिवशीचे ॲव्हरेज सत्तावन्न निघाले, एरवी ते सहासष्ट होते. हे ॲव्हरेज आम्ही टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर लिहून, पुन्हा काठोकाठ भरताना लागलेल्या लिटरने भागून काढत होतो. रिझर्व्ह लागण्यावरून बांधलेला अंदाज मला भरवशाचा वाटत नाही.

तयारीला तीन आठवडे लागले. माझ्या गाडीचे मागचे चाक काढून मिस्त्रींनी आस काढली आणि बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवले, तर एका बाजूला खरखर लागत होती. हाताला जाणवणारी ती खरखर रस्त्यावर कदाचित आणखी दोन हजार किलोमीटर निभली असती. पण न निभली तर ती कुठे दगा देईल हे सांगता येत नव्हते. दोन्ही चाकांची बेअरिंगे बदलली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलले, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली की ती नवीही लवकर झिजते. ब्रेकचे लायनर नवे घातले, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, गाडी थंड असताना जुळवून घेतले, एअर फिल्टर बदलला आणि ऑइल निघण्याच्या चारशे किलोमीटर आधी बदलले, म्हणजे काही चुकले असेल तर ते गावातच कळावे. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. दुरुस्ती करून दुसऱ्याच दिवशी लांब निघू नये. आमच्या बाबतीत नव्या लायनरचा ब्रेक परळीला जाऊन येईपर्यंत किंचित धरून राहत होता. ड्रम गरम झाल्याचे हाताला लागले म्हणून ते लक्षात आले आणि रॉडचा नट थोडा सैल केला.

क्लचची आणि ॲक्सिलरेटरची एकेक नवी वायर आम्ही पिशवीत ठेवली नाही, तर चालू वायरीच्या कडेने हँडलपासून खालपर्यंत ओवून टेपने बांधून ठेवली. वायर तुटली तर फक्त दोन्ही टोके जोडायची. याशिवाय दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, हातपंप, दोन टायर लिव्हर, पान्हे, पक्कड, स्पार्क प्लग, थोडी बारीक तार आणि चेनला घालायचे ऑइल एवढेच सोबत होते. सामान कॅरिअरवर उंच रचण्याऐवजी सीटच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबणाऱ्या पिशव्यांत भरले, कारण हलक्या गाडीवर वजन मागे आणि वर गेले की पुढचे चाक हलके होते आणि हँडल डळमळते. माझ्या गाडीला पुढे २५ आणि मागे एकट्या माणसासाठी २८ पौंड हवा सांगितलेली आहे. सामानामुळे मागे ३२ ठेवली आणि रोज सकाळी, चाक थंड असताना तपासली. ताईने दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, ती तिसऱ्या दिवसापर्यंत पुरली. कागदपत्रे मोबाईलमध्ये होतीच, तरी मूळ प्रतीही घेतल्या.

रस्ता निवडताना हैदराबाद आणि बंगळूर ही दोन्ही शहरे टाळली. शहरातल्या गर्दीत लहान गाडीला अडचण नसते, पण दिवसभर चालवून थकलेल्या माणसाला असते. त्यामुळे लातूर, बीदर, जहीराबाद, तांडूर, महबूबनगर असे उतरून श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग, म्हणजे ४४ क्रमांकाचा रस्ता, धरला. अनंतपूरनंतर तो सोडून कदिरी, मदनपल्ली, पलमनेर, कुप्पम या आतल्या रस्त्याने कृष्णगिरीला पुन्हा त्याच्यावर आलो आणि पुढे सेलम, नमक्कल, दिंडिगल, मदुराई. दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या आसपास असे सहा टप्पे. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नसतो. नाक्याच्या अगदी डाव्या अंगाला अरुंद वाट असते, तिच्यातून निघून जायचे. बीदरपर्यंत मराठीवर काम भागले. पुढे दाजींनी तेलुगूतला एक शब्द पाठ केला, तो म्हणजे ‘गाली’, अर्थात हवा. आणि त्यांची निवड किती योग्य होती हे तिसऱ्याच दिवशी कळले.

तो दिवस संक्रांतीचा होता. आंध्रात त्या दिवशी अंगणाअंगणात मोठमोठ्या रांगोळ्या काढलेल्या होत्या आणि दुकाने झाडून बंद होती. अनंतपूरच्या पुढे माझ्या गाडीचे मागचे चाक बसले. जवळच्या गावातल्या पंक्चरच्या दुकानाला कुलूप होते. दाजींनी ‘गाली’ म्हणून पाहिले, तेव्हा ओट्यावरच्या आजोबांनी हात जोडून समोरच्या घरातल्या सणाकडे बोट दाखवले. मग आम्हीच चिंचेखाली गाडी मुख्य स्टँडवर लावली. ट्यूबचे टायर असले तरी पंक्चरसाठी चाक काढावे लागत नाही. उरलेली हवा सोडून टायरची एक कड पायाने दाबून रिमपासून सुटी केली, दोन लिव्हर लावून ती बाहेर घेतली आणि व्हॉल्व्हचा नट काढून ट्यूब ओढून घेतली. पंपाने फुगवून गालाजवळ फिरवताना एका ठिकाणी बारीक गार झुळूक लागली. तिथे बॉलपेनने खूण केली, काचकागदाने घासले, सोल्युशन लावले आणि ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबलो. घाई करून ओल्या सोल्युशनवर चिकटवलेला पॅच टिकत नाही.

त्या वेळात दाजी टायरच्या आतून फडके फिरवत होते. पहिल्या फेरीत काही लागले नाही. दुसऱ्यांदा उलट दिशेने फिरवताना फडक्याचा एक धागा अडकला. वेड्या बाभळीच्या काट्याचे टोक होते ते, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. बाहेरचा भाग मोडून गेल्यामुळे वरून काहीच दिसत नव्हते. पकडीने ते आतून ओढून काढले. हे टोक न काढता ट्यूब बसवली असती तर पाच किलोमीटरवर पुन्हा तेच झाले असते. ट्यूब बसवण्याआधी तिच्यात आकार येण्यापुरती हवा भरली, म्हणजे ती मुडपून लिव्हरखाली चिमटत नाही. या सगळ्याला तासभर लागला. निघताना त्या आजोबांच्या घरातून दोघांना तिळाचे लाडू आले.

दुसऱ्या दिवशी कृष्णगिरीच्या बाजूला उतरताना मट्टू पोंगल होता. तो तिकडचा पोळाच. शिंगे रंगवलेले, गळ्यात माळा घातलेले बैल रस्त्याच्या कडेने चालले होते. दाजींनी गाडी बाजूला घेतली, उतरून एका खिलारासारख्या पांढऱ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच्या मालकाशी, एकमेकांची भाषा येत नसताना, दहा मिनिटे बोलत राहिले.

धर्मपुरी आणि सेलम यांच्यामधला तोप्पूरचा घाट अपघातांसाठी प्रसिद्ध आहे. उतार लांब आहे आणि जड ट्रकांचे ब्रेक तिथे तापतात. अशा उतारावर लहान गाडीच्या ड्रम ब्रेकवर सतत पाय ठेवणे चुकीचे आहे. गिअर उतरवून इंजिनावरच गाडी रोखून धरावी आणि ब्रेक अधूनमधून, थोडा वेळच दाबावा. आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये, एकमेकांत पुरेसे अंतर ठेवून उतरलो आणि आरशात ट्रक मोठा होताना दिसला की कडेला थांबून त्याला पुढे जाऊ दिले. महामार्गावर हलक्या गाडीचा खरा शत्रू हाच आहे : शेजारून जाणाऱ्या ट्रकाचा वारा आधी बाहेर ढकलतो आणि तो पुढे गेला की आत ओढतो. हँडल घट्ट आवळून त्याला विरोध करण्यापेक्षा पकड सैल ठेवून, गुडघ्यांनी टाकी धरून गाडीला स्वतःच सरळ होऊ देणे सुरक्षित असते, हे मला चौथ्या दिवशी उमगले. अंधार पडल्यावर मात्र आम्ही एकही किलोमीटर चालवले नाही. या गाड्यांचा दिवा गावच्या रस्त्यासाठी आहे, महामार्गासाठी नाही.

गाड्यांपेक्षा शरीराने जास्त कुरकूर केली. दर तासाला पंधरा मिनिटे उतरून चालणे हा उपाय ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो पाळला नाही त्या दिवशी संध्याकाळी कंबर सरळ होत नव्हती आणि हँडलच्या थरथरीने उजव्या हाताची दोन बोटे बधिर झाली होती. पुढे जाड सुती मोजे घालून हँडलच्या मुठींवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, त्याने बराच फरक पडला. ज्यांना लवकर पोहोचायचे आहे त्यांनी असा प्रवास करू नये, असेच मी सांगेन. सहा दिवस रस्त्यावर काढायची मनाची तयारी असेल तरच तो सुखाचा होतो.

सहाव्या दिवशी दुपारी पांबनच्या पुलावर चढलो. १९८८ साली खुला झालेला हा रस्त्याचा पूल दोन किलोमीटरहून लांब आहे आणि डाव्या हाताला १९१४ सालचा जुना रेल्वेपूल तेव्हा पाण्यालगत दिसत होता. वारा आडवा होता. आम्ही तीसच्या वेगाने, थोडे वाऱ्याकडे झुकून चालवत गेलो. ताईने गंगाखेडच्या घाटावरून भरून आणलेल्या गोदावरीच्या पाण्याची छोटी बाटली माझ्या पिशवीत होती. रामेश्वरासाठी नेलेले कावडीतले पाणी नाथमहाराजांनी तहानेल्या गाढवाला पाजले, ही गोष्ट पैठणपासून आमच्या गावापर्यंत प्रत्येक घरात सांगितली जाते, आणि ती बाटली समुद्रात ओतताना दाजींना तीच आठवली. मंदिरातल्या बावीस तीर्थांचे स्नान झाले. दुसऱ्या दिवशी धनुष्कोडीला गेलो. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलेल्या त्या गावातल्या चर्चच्या उभ्या भिंती पाहून दोघेही बराच वेळ गप्प होतो. रस्ता जिथे संपतो तिथे दोन्ही गाड्या शेजारी लावल्या आणि एकच छायाचित्र काढले.

परतीच्या वाटेवर लिहिण्यासारखा बिघाड झाला नाही. दर दुसऱ्या संध्याकाळी गाडी थांबल्याबरोबर, चेन कोमट असताना तिला ऑइल घातले. मधला झोल बोटाने वर-खाली करून अडीच सेंटिमीटरच्या आसपास राहील असा एकदा जुळवला. माझ्या गाडीला एकूण सेहेचाळीस लिटर पेट्रोल लागले, प्लॅटिनाला चव्वेचाळीस. दोघांचा मिळून पेट्रोलचा खर्च साडेनऊ हजार रुपयांच्या आसपास आला. घरी आल्यावर मिस्त्रींनी प्लग काढून उन्हात धरला. टोकाचा रंग एकसारखा तपकिरी होता. त्यांनी तोच प्लग पुसून पुन्हा बसवला.

दाजींनी मात्र तेवढीही उसंत घेतली नाही. आम्ही संध्याकाळी पोहोचलो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी प्लॅटिनाच्या पिशव्या सोडून तिथे दुधाच्या कॅनी अडकवल्या आणि डेअरीला निघून गेले.