थायरॉईडची गोळी सुरू झाली आणि लेकीचं डोकं दुखू लागलं

लेकीचं थायरॉईड कमी निघालं. गोळी सुरू झाली, मरगळ गेली, ती पुन्हा खेळू-बागडू लागली. काही आठवड्यांतच डोकेदुखी मागे लागली. सकाळी उठल्या उठल्या जास्त, वाकलं की ठणका, मध्येच उलटी. चष्मा लागला असेल, असं सगळे म्हणत होते. पण ती म्हणाली, "आई, उठून उभी राहिले की क्षणभर सगळं काळं होतं." पाठोपाठ एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, तेव्हा मी तिला तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. दोन्ही डोळ्यांमागच्या नसेला सूज होती. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढला की ती तिथे दिसते. लगेच एमआरआय झाला, त्यातच मेंदूच्या शिराही पाहिल्या. गाठ नव्हती, शिरेत गुठळी नव्हती.

मग हा दाब मोजायला पाठीतून तेच पाणी काढायचं ठरलं. मला धास्ती होती ती याचीच. तिला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं, जागा बधिर केली. सुईला उभी नळी जोडली आणि पाणी त्यात हळूहळू वर चढू लागलं. मुलांमध्ये साधारण 28 सेंटिमीटरच्या वर गेलं तर दाब वाढलेला धरतात. तिचं 34 वर थांबलं. माझा हात तिने घट्ट धरला होता, पण हलली नाही.

थायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉईडची गोळी, सुरू केल्यावर क्वचित काही मुलांमध्ये असा दाब वाढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही; थायरॉईड कमी राहिलं तर वाढच खुंटते. डोस कमी करून, रक्त तपासत टप्प्याटप्प्याने वाढवला. सोबत दाब उतरवणारं औषध, अ‍ॅसिटाझोलामाइड, दिलं. त्याने बोटांना मुंग्या येत, भूक मंदावली. रक्तातलं पोटॅशियमही पाहत होते.

डोकेदुखी थांबली तरी डोळ्यांच्या फेऱ्या मी चुकवल्या नाहीत. या आजारात नजर बहुतेक कडेने जायला लागते आणि मुलांना ते कळतही नाही. मशीनमध्ये डोकं टेकवून, ठिपका दिसला की बटण दाबायचं, ही तपासणी तिला फार कंटाळवाणी वाटते. आता नसेची सूज उतरली आहे, दाबाचं औषध सुटलं आहे आणि थायरॉईडचा डोस पूर्ण झाला आहे. तुमच्या मुलाची गोळी नुकतीच सुरू झाली असेल आणि डोकं दुखत असेल, तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.