कसाऱ्याला उतरून नेरळला चढणे

स्वतःची गाडी घेऊन डोंगरात गेलं की डोंगर अर्धाच मिळतो. पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी अंगणात गाडी लावलेली असते आणि कितीही लांब भटकलं तरी संध्याकाळी त्याच अंगणात परतावं लागतं. दाव्याला बांधलेल्या गाईसारखं. पलीकडे उतरणारी वाट दिसते, तिच्या टोकाची कौलं दिसतात, कौलांवरचा धूर दिसतो; पण गाडी अलीकडे. मग आल्या वाटेनं खाली, आणि जाताना पाहिलेलंच पुन्हा पाहायचं, फक्त उलट बाजूनं.

रेल्वेनं जाणाऱ्याला हे दावं नाही. गाडी आपल्याला सोडते आणि निघून जाते. तिला आपली काळजी नाही आणि आपल्याला तिची.

मुंबईकडच्या माणसाला हे सुख घराजवळ मिळतं, त्याचं श्रेय कल्याणचं. कल्याणला मध्य रेल्वेचे रूळ फुटतात. एक फाटा कसाऱ्याकडे, ६७ किलोमीटर. दुसरा कर्जतकडे, ४६ किलोमीटर. दोन्हीकडे लोकल घाटाच्या तोंडाशी हात टेकते. कसाऱ्याला तर ती तिथूनच मागे वळते. १८५०च्या दशकात जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले सह्याद्री चढायला जागा शोधत होता. आधीच्या योजनांमध्ये माळशेज घाटाचंही नाव होतं. ते बाद झालं. कर्जतकडचा बोर घाट आणि कसाऱ्याकडचा थळ घाट पक्के झाले. बोर घाटातून १८६३मध्ये गाड्या सुरू झाल्या, थळ घाटातून १८६५मध्ये. माळशेज तसाच राहिला, आणि कसारा ते कर्जत हा सरळ रेषेत ८०-८५ किलोमीटरांचा सह्याद्रीचा तुकडा रुळांवाचून सुटला. रतनगड, हरिश्चंद्रगड, नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, भीमाशंकर, सगळे त्या तुकड्यात. मुरबाडच्या बाजूचे लोक कित्येक वर्षं रेल्वे मागताहेत आणि ती त्यांना मिळायला हवी. सॅक पाठीला लावून चार दिवस हिंडणाऱ्याच्या सोयीसाठी कुणाचा तालुका गाडीवाचून ठेवायचा नसतो. पण ती येईतो हा तुकडा पायी चालणाऱ्यांचा आहे.

एका फाट्याच्या टोकाला उतरायचं, डोंगराच्या कडेकडेनं दक्षिणेला चालत राहायचं आणि दुसऱ्या फाट्यावर लोकल पकडायची. ट्रेकर मंडळी याला रेंज ट्रेक म्हणतात. सलग करायचा तर आठवड्याची रजा लागते. बहुतेक जण माळशेजला मोडता घालतात आणि उरलेला अर्धा पुढच्या हिवाळ्यावर टाकतात. हिवाळाच बरा. पावसात वाटा निसरड्या होतात आणि धुक्यात हातभर पुढचं दिसत नाही. फेब्रुवारी उलटली की पाण्याची टाकी तळाला जातात.

सॅकमध्ये काय भरावं यावर माणसं तासन्तास बोलतात. मी एवढंच सांगेन की तांदूळ कमी न्यावेत आणि चहा-साखर जास्त.

मध्यरात्रीच्या सुमाराची कसारा लोकल हे या प्रवासाचं रूढ दार. खिडकीवर तिकीट मागितलं की पलीकडून सवयीनं विचारणा होते, ‘रिटर्न?’ आणि सिंगल म्हटलं की मान जराशी वर येते. डब्यात हॉटेलांतून सुटलेली पोरं, दुसरी पाळी संपवून निघालेले कामगार, चपला काढून समोरच्या बाकावर पाय सोडून झोपलेले नेहमीचे लोक. यांतल्या काहींना रोज आसनगाव-आटगावपर्यंत जायचं असतं. आपल्याला जी मोहीम वाटते तो त्यांचा घरचा रस्ता, हे ध्यानात आलं की सॅक रॅकवर ठेवताना आवाज आपोआप खाली येतो. टिटवाळ्यानंतर गारवा आत शिरतो. खर्डी, उंबरमाळी, आणि मग अडीच-तीनला कसारा. उतरलेली चार टाळकी अंधारात पांगली की स्टेशनाचा खरा आवाज ऐकू येतो. इथून इगतपुरीपर्यंत ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे, त्यामुळे वर जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. पुढून एक भोंगा, मागून उत्तर, आणि ते सगळं लटांबर अंधारात वर चढू लागतं. बाहेर जीपवाला उभा असतोच. घोटी, शेंडी करत, भंडारदऱ्याचं पाणी बगलेला ठेवून उजाडता उजाडता रतनगडाच्या पायथ्याचं साम्रद.

साम्रदहून त्र्यंबक दरवाज्यानं रतनगडावर चढायचं, गडाच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात, बसून वारा खायचा आणि दुसऱ्या अंगाच्या शिड्यांनी रतनवाडीच्या बाजूला उतरू लागायचं. इथं वाटेत एक फाटा आहे. बहुतेक सगळे डावीकडे, अमृतेश्वराच्या देवळाशी लावलेल्या आपापल्या गाड्यांकडे जातात. उजवीकडची वाट रानात शिरते, कात्राबाईच्या खिंडीकडे. तिथून पुढं आवाज कमी होत जातात.

आता या चालण्यातली खरी गंमत. घाटाची कोणतीही जुनी वाट घ्या, ती कोकणातून वर देशावर येते. नाणेघाट तशी, आहुप्याचा घाट तसा, भीमाशंकरचा गणेश घाट तसा. माल खालून वर यायचा, धान्य वरून खाली जायचं, सोयरीक या अंगाची त्या अंगाला व्हायची. दोन हजार वर्षं माणसं हा डोंगर ओलांडत आली आहेत. रेल्वेनंही दुसरं काय केलं? ओलांडलाच. डोंगराच्या कडेनं त्याच्या लांबीभर चालायचं काम कुणालाच पडलं नाही. म्हणून वर-खाली जाणाऱ्या वाटा मळलेल्या आणि ठळक, तर आपल्याला हवी असलेली दक्षिणोत्तर वाट म्हणजे तुकड्यातुकड्यांची गोळाबेरीज. थोडी ढोरवाट, थोडी मोळीवाल्यांची, थोडी शाळेत जाणाऱ्या पोरांची, आणि मध्ये बऱ्याच ठिकाणी काहीच नाही.

गावातल्या माणसाला म्हणून हा खटाटोप कळत नाही, आणि तो त्याचा दोष नाही. कुमशेतच्या बाजूला खळ्यात नागली झोडणाऱ्या एका मामांशी झालेलं बोलणं मला तोंडपाठ आहे.

‘कुठून आलं पाव्हणं?’

‘रतनगडावरून, मामा. चालत.’

‘चालत? यष्टी बंद हाय काय?’

‘नाही, यष्टी आहे. आम्हीच चालत निघालो.’

‘आन् जायाचं कुठं?’

‘भीमाशंकरला.’

मामांनी झोडणं थांबवलं. आमच्याकडं पाहिलं, सॅककडं पाहिलं, नवस वगैरे असावा असा अंदाज बांधला आणि चेहरा निवळला. ‘मंग ठीक हाय. देवाचं काम हाय.’ लगेच आत हाक गेली, ‘अगं, च्या ठेव, भीमाशंकरचं लोक आल्यात.’ आम्हीही तो गैरसमज तसाच राहू दिला. चहाच्या बाबतीत फार खुलासे करू नयेत. निघताना मावशींच्या हातात साखरेचा पुडा दिला तर म्हणाल्या, ‘परसाद वरनं आणायचा आसतो, हितनं न्हाय.’ पण ठेवून घेतला.

एक चीज मात्र कडेनं चालणाऱ्यालाच मिळते, ती म्हणजे नद्या. रतनगडाच्या अंगावर प्रवरा उगम पावते. कात्राबाईची खिंड ओलांडली की आपण मुळेच्या खोऱ्यात उतरतो. या दोघी नगर जिल्ह्यातच पुढं एकमेकींना भेटतात आणि गोदावरीला जातात. हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे सगळं पाणी दुसऱ्या घरचं: नाणेघाटाजवळ कुकडेश्वराशी कुकडी, आहुप्याकडे घोड, आणि शेवटी भीमाशंकरला खुद्द भीमा. कुकडी घोडीत, घोड भीमेत, भीमा कृष्णेत. पंढरपूरला जिच्या वाळवंटात लाखो माणसं मावतात ती नदी इथं एका ढांगेत ओलांडता येते, आणि डिसेंबरात कधी कधी बुटाचा तळही ओला होत नाही. ज्या नद्यांवर खाली धरणं आहेत, पूल आहेत, पाण्यावरून तालुक्यातालुक्यांत भांडणं आहेत, त्या आपण एकेका उडीत मागे टाकत जातो. आणि उजव्या हाताला, कड्याच्या पलीकडे सांडलेली तांब्याभर चूळ अरबी समुद्राला मिळते. त्याच चुळीला डाव्या हाताला उतार मिळाला तर तिला आंध्र गाठायचं असतं.

हरिश्चंद्रगडावर शनिवारी जाऊ नये. बाकी त्या गडाचं कौतुक इतकं झालंय की त्यात मी भर घालत नाही. कोकणकड्याचा आतल्या अंगाला वळलेला बाक पाहिल्यावर माणसं गप्प होतात म्हणतात. मी तरी शनिवारी तिथं कुणाला गप्प झालेलं पाहिलं नाही. आडवारी मात्र पाचनईकडून चढताना एखादा गुराखी भेटला तर भेटतो. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात पिंडीला प्रदक्षिणा घालायची, छतापासून जमिनीपर्यंत शाबूत राहिलेल्या एकुलत्या खांबाकडे जरा शंकेनं पाहायचं आणि तोलार खिंडीनं खिरेश्वरला उतरायचं.

मग माळशेजचा डांबरी रस्ता. चार दिवसांनी एसटी दिसते आणि कंडक्टर मान बाहेर काढून विचारतो, ‘कल्याण?’ इथं अनेक रेंज ट्रेक संपतात. निश्चय वगैरे काही नसतो, वडापावचा वास असतो.

जे त्या वासातून सुटतात ते नाणेघाटात पोचतात. घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून सांगतात, आणि गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. त्या लेखात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं (तेव्हाची नाणी), सगळं आकड्यांनिशी. पाठीवर ओझं घेऊन आलेल्याला ते वाचून (म्हणजे शेजारच्या माहितीफलकावर वाचून) प्रश्न पडतो की हे सगळं या घाटातून वर आणलं कुणी? लेखात राणी आहे, राजा आहे, देव आहेत. हमालांचं नाव नाही. माझ्या सॅकचा पट्टा त्या दिवशी खांद्यात रुतत होता, त्यामुळे मी पूर्णपणे हमालांच्या बाजूचा होतो.

नाणेघाट ते भीमाशंकर हा सगळ्यांत एकांताचा पट्टा. जीवधनच्या शेजारी वानरलिंगीचा सुळका उभा, मग ढाकोबा, दुर्ग, आंबे-हातवीज, आहुपे. डावीकडे भाताची कापलेली खाचरं, उजवीकडे एकदम काही नाही. आहुप्याच्या कड्यावरून खाली सिद्धगड, गोरखगड, मच्छिंद्रगड दिसतात, आणि ते वरून पाहताना जरा अवघडल्यासारखं होतं. किल्ल्यांकडे खालूनच पाहायची सवय. पुढं भीमाशंकरचं रान लागतं. दाट, ओलसर, आणि वर कुठंतरी शेकरूचा खडखडाट. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाताना हा प्राणी जो आत्मविश्वास दाखवतो तो पाहून आपल्या गुडघ्यांबद्दल वाईट वाटतं.

भीमाशंकरला देवळाच्या पायऱ्यांवर रांग, प्रसादाची दुकानं, पुण्याच्या गाड्या. दर्शन होतं. मामांना दिलेला (न दिलेला) शब्द पाळला जातो. मग गणेश घाटानं खांडस. शिडी घाटानं लवकर उतरता येतं, पण इतक्या दिवसांनंतर सॅकसकट त्या शिड्यांशी ओळख वाढवायची मला तरी हौस नाही. खांडसहून जीप, कशेळे, नेरळ.

रविवारी संध्याकाळी नेरळचा फलाट म्हणजे माथेरानचा उतारा. चिक्कीच्या पिशव्या, चपलांची खोकी, लाल धूळ बसलेले पांढरे बूट. कर्जतहून आलेली लोकल आधीच भरलेली. सॅक पुढं घेऊन दारातच उभं राहायला मिळतं.

‘माथेरान का?’ शेजारचे काका विचारतात.

‘नाही हो, कसाऱ्याहून येतोय.’

काकांच्या चेहऱ्यावर खरी काळजी उमटते. ‘अहो, मग तुम्ही चुकलात. ही कर्जत लाइन.’

‘म्हणजे कसाऱ्याला उतरलो, आणि मग…’

‘तेच म्हणतोय. आता कल्याणला उतरा. पूल चढून पलीकडे जा, तिकडून कसारा मिळेल.’

‘पूल कशाला?’ खिडकीतून एक बाई म्हणतात. ‘आसनगाव पकडू दे की त्यांना, आसनगावला बदला.’

‘आसनगाव कशाला? थेट कसारा आहे आता.’

‘आता नाही, ती गेली. आता टिटवाळा.’

अर्धा डबा आम्हाला कसाऱ्याला पोचवायच्या कामाला लागला होता. वांगणी गेलं, बदलापूर गेलं. अंबरनाथला काकांनी मोबाइलमध्ये वेळापत्रक उघडलं, आणि उल्हासनगर येईपर्यंत त्यांचं आणि त्या बाईंचं एकमत झालं की या वेळेला सगळ्यात सोयीचं म्हणजे ठाण्याला जाऊन जलद पकडणं.