आमची वाटचाल: साडीतला गुडघा

2019 च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी सांगलीच्या मारुती चौकात आलं तेव्हा आमचं सीसीटीव्हीचं दुकान बुडालं, डीव्हीआर, केबलची बंडलं, सगळा माल गेला. मग विश्रामबागला छोटी जागा भाड्यानं घेतली आणि परत कॅमेरे बसवायला लागलो. ते काम अजून चालू आहे, पण आज सांगायचंय ते दुसऱ्याच कामाबद्दल.

मिरजेत एका फिजिओथेरपी क्लिनिकला कॅमेरे लावायला गेलो होतो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातनं पण पेशंट येतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आज्ज्या बाकावर बसलेल्या. तिथल्या मॅडम गोनिओमीटर घेऊन, म्हणजे कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्यासारखं असतं ते, प्रत्येकीचा गुडघा किती वाकतो ते मोजून वहीत लिहीत होत्या. मला म्हणाल्या, "दादा, तुमचे कॅमेरे चोर बघतात, मग गुडघा का नाही बघत?"

ते वाक्य डोक्यातनं जाईना. भाचा इंजिनिअर, लॉकडाऊनमधे घरीच होता, त्यानं गूगलचं मीडियापाइप दाखवलं. साध्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओवर ते अंगावरचे 33 पॉइंट शोधतं, खांदा, कोपर, कंबर, गुडघा, घोटा, आणि कंबर-गुडघा-घोटा जोडले की गुडघा किती वाकलाय तो कोन काढता येतो. घरातल्या सगळ्यांचे गुडघे मोजले, छान जमलं, म्हणलं झालंच काम.

क्लिनिकमधे लावलं आणि पहिल्याच आज्जी नऊवारीत. स्क्रीनवर आकडा आला 112. मॅडमनी गोनिओमीटर लावला तर 80. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी हा आकडा वहीत लिहिला असता तर?" तर गुडघा चांगला वाकतोय असं समजून आज्जींचा व्यायाम कमी केला असता, आणि गुडघा तसाच आखडून राहिला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतो.

कारण नंतर कळलं. लुगड्याचा घोळ गुडघ्यावरनं खाली लोंबतो, आत गुडघा कुठं आहे ते दिसत नाही, पण मॉडेल अंदाजानं पॉइंट ठेवतंच. शिवाय बाजूनं बघितलं की पलीकडचा पाय झाकला जातो आणि डाव्याचा पॉइंट उजव्यावर उडी मारतो.

भाचा म्हणाला, "मामा, एकाच प्रोग्रॅमवर सगळं सोडायचंच नाही." त्यानं प्रत्येक सांध्याला एकेक एजंट दिला, म्हणजे छोटा स्वतंत्र प्रोग्रॅम. गुडघ्याचा एजंट स्वतःची मागच्या फ्रेममधली जागा आणि वेग लक्षात ठेवतो, आणि नवीन पॉइंट आला की कंबरेच्या आणि घोट्याच्या एजंटला विचारतो, हे पटतंय का? मांडीचं हाड काय दोन सेकंदात लांब होत नाही, त्यामुळं अंतर एकदम बदललं की पॉइंट नाकारायचा. पण पाय कॅमेऱ्याकडं वळला तरी ते अंतर कमीच दिसतं, म्हणून फरशीवर लाल टेप मारून खुर्चीची जागा पक्की केली, पेशंट बरोब्बर बाजूनं दिसला पाहिजे.

आणि एजंटांचं एकमत नसेल तर आकडाच दाखवायचा नाही, नुसतं "दिसत नाही" असं लिहून येतं. यावरनं आमचं भांडण झालं. मला वाटायचं गिऱ्हाईक म्हणेल पैसे घेता आणि मशीन नाही म्हणतंय. भाचा ऐकेना, आणि त्याचंच बरोबर होतं, कारण त्यानंतरच मॅडमचा विश्वास बसला.

साडीवर उपाय मात्र मॅडमनीच काढला. गुडघ्याच्या वर आणि खाली पोपटी रंगाचे दोन रुंद इलॅस्टिकचे पट्टे, साडीवरनंच बांधायचे. घोळ आवळला जातो आणि एजंटला धरायला रंग मिळतो. आज्जींना साडी वर घ्यायला लागत नाही, आणि मला वाटतं यातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. व्हिडिओ आम्ही ठेवत नाही, फक्त कोन आणि तारीख.

तालमीतनं पण विचारणा होते. बैठका मोजून देतो, पण झटापटीत कुणाचा हात कुठला ते अजून कळत नाही, तसं तोंडावर सांगतो. सध्या चालताना पलीकडचा पाय झाकतो त्यावर काम चाललंय, सोमवारी मिरजेत दुसऱ्या बाजूनं अजून एक कॅमेरा लावून बघणार आहे.