ज्याच्या हाती टाळ नाही

ज्ञानोबा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरीला चालताना जेजुरीचा भंडारा कपाळावरून पुसला जायच्या आत वाल्हे येतं. अंतर सुमारे १२ किलोमीटर. दिवे घाटात पोटऱ्या भरून आलेल्यांना हा आखूड टप्पा विसाव्यासारखा वाटतो. गाव वाल्मीकींचं मानलं जातं. वाल्या कोळी इथल्याच रानात वाटसरूंना लुटायचा, एका जिवामागे एक खडा रांजणात टाकायचा आणि असे सात रांजण भरले, ही कथा इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. त्या गावात लाखो माणसं पालं ठोकून रात्र काढतात, आणि रात्रीच्या भजनात वाल्याचं नाव हमखास निघतं.

पालखीबरोबर चालताना आणखी एका लुटीची आठवण होत राहते. १८३२ च्या सुमारास या सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर मूळचे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. परंपरा सांगते, की धनदौलत घेऊन गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना गाठलं, गुहेत कोंडलं आणि तोंडाशी धोंडा लावला. आत हरिपाठ चालूच राहिला. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला आणि त्या आनंदात धोंडा निघाला. नायकाला पुढे कुणी धरून दिलं, शिक्षा झाली, असं कथेत काही येत नाही. बाबा आळंदीला आले आणि उरलेलं आयुष्य माउलींच्या दारात राहिले. ज्या वारीच्या आजच्या रूपाची सुरुवात चोरांच्या गुहेतून झाली असं आपण श्रद्धेने सांगतो, तिने चोराशी कसं वागावं, हा प्रश्न आमच्या दिंडीत दरवर्षी या तळावर निघतो. हे लिहितोय ते त्याचसाठी.

वारीत चोऱ्या होतात. माउलींच्या सोहळ्याला बट्टा नको म्हणून ते झाकण्यात भक्ती नाही. कुठे आणि का होतात हे चालणाऱ्याला कळतं. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाईचे दोन्ही हात वर गुंतलेले असतात, गळा उघडा राहतो आणि मंगळसूत्र जातं. रिंगणात अश्व दौडून गेला की टापांखालची माती कपाळी लावायला सगळे एकदम वाकतात, तेव्हा सदऱ्याच्या वरच्या खिशातला मोबाइल नुसता पडला तरी परत दिसत नाही. नीरेच्या स्नानाला काठावर कपड्यांचे ढीग लागतात आणि सगळी नजर पादुकांकडे असते. तळावर जनरेटरच्या एका बोर्डाला वीस-पंचवीस फोन लोंबकळतात, त्यातला कुठला कुणाचा हे कुणालाच ठाऊक नसतं. पुण्यात पालख्या शिरतात त्या दिवसाचं तर सांगायलाच नको.

म्हणून निघण्याआधीच सांगून ठेवतो: सोनं घरी, गळ्यात दोऱ्यात ओवलेले काळे मणी आणि तुळशीची माळ पुरे. पैसे तीन ठिकाणी. रोज लागतील तेवढे वरच्या खिशात, बाकीचे कोपरीच्या आतल्या खिशात सेफ्टी पिन लावून, आणि परतीचं भाडं ट्रकमधल्या पडशीत. पडशीला ठळक रंगाची चिंधी बांधायची, दिंडीचा क्रमांक आणि विणेकऱ्याचा फोन नंबर कापडावर शाईने लिहायचा. कागदाची चिठ्ठी पहिल्याच पावसात जाते. स्नानाला दोन तुकड्या करायच्या, एक पाण्यात तर दुसरी कपड्यांपाशी. फोनवर स्टार चौकट शून्य सहा चौकट दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो वहीत उतरवून ठेवावा. फोन गेलाच तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तो बंद करता येतो. रात्री जागराला बसणाऱ्यांच्या शेजारच्या राहुट्यांत चोरी सहसा होत नाही. वीणा खाली ठेवायची नसते, त्यामुळे कुणीतरी जागं असतंच.

आता चोर म्हणून कुणी हाती लागला तर. इथे पहिली पाच मिनिटं महत्त्वाची, कारण घोटाळा तेवढ्यातच होतो. "चोर, चोर" अशी आरोळी उठली की ज्याला काही दिसलं नाही तोही हात उचलतो. म्हणून आमच्याकडे रीत अशी: आरोळी द्यायची नाही. जवळच्या चार-पाच जणांनी हाताला हात धरून त्या माणसाभोवती कडं करायचं आणि त्याला रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या आडोशाला न्यायचं. चालती दिंडी थांबवायची नाही, मागून हजारो माणसं येत असतात, चेंगराचेंगरीला तेवढं निमित्त पुरतं. बाई असेल तर कड्यात बायकाच. झडती आपण घ्यायची नाही, ते पोलिसांचं काम. फोटो काढायचा नाही. पाणी द्यायचं आणि बोलताना "माउली" म्हणायचं. या शब्दावर नवे लोक अडखळतात. पण वारीत पोलिसाला माउली, पाणी वाटणाऱ्याला माउली, धक्का लागला त्याला माउली म्हणायचं आणि याच्यापाशी येऊन जीभ बदलायची, तर तो शब्द आपण आळंदीहून कशाला आणला? शिवाय माउली म्हटल्यावर थप्पड मारणं जड जातं, हाही त्याचा उपयोग आहेच.

मग ११२ ला फोन, किंवा जवळच्या पोलीस मदत केंद्रात. लहान मूल असेल तर १०९८. अठराच्या आतलं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं, त्याला चौकात उभं करून जाब विचारायचा हक्क आपल्याला नाही. बहुतेक वेळा त्याला पाठवणारा मोठा माणूस गर्दीत कुठेतरी उभा असतो, आणि पोराला मारल्याने तो सापडत नाही. मारहाण हा स्वतःच गुन्हा आहे, हेही मारणाऱ्यांना ऐकवावं लागतं.

चोरी झालेले वारकरी पुष्कळदा "पांडुरंगाने नेलं" म्हणून पुढे चालू लागतात. यात मोठेपणा किती आणि ठाण्यात बसायचा कंटाळा किती, हे ज्याचं त्याने तपासावं. तक्रार नसली तर पोलिसांना उद्या दहा फोन सापडले तरी ते द्यायचे कुणाला? मुक्काम रोज हलतो ही अडचण खरी आहे. सासवडला चोरी झाली आणि लोणंदला कळली, तर जिल्हासुद्धा बदललेला असतो. पण गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, ते कागद योग्य ठाण्याकडे पाठवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही सोय आहे. आणि तक्रार दिली म्हणजे दया सुटली असं होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३०३ प्रमाणे, चोरीचा माल ५,००० रुपयांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत त्याने परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करायला लावतात. पसायदानात ज्ञानोबाराय खळांचा नाश मागत नाहीत, त्यांची व्यंकटी, म्हणजे वाकडेपणा, गळून पडो असं मागतात. रोज आपण ते म्हणतो. कायद्याच्या पुस्तकात त्याच्या जवळपास जाणारी ओळ सापडली याचा आम्हाला खरोखर आनंद झाला.

वारीचा स्वतःचा न्याय पाहायचा तर मुक्कामाच्या तळावर होणाऱ्या समाजआरतीला उभं राहावं. पालखी खांद्यावरून तळाच्या मधोमध येते. भोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ टिपेला जातो. सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार हातातली काठी, म्हणजे चोप, उंचावून "हो" अशी हाक देतात आणि एका क्षणात सगळा तळ गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजतच राहतात. त्या शांततेत तेवढाच आवाज. चोपदार त्या दिंडीकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात. चालताना क्रम मोडला, जागेवरून बोलाचाली झाली, दुसऱ्या दिंडीने लोटालोट केली, असलीच बहुतेक गाऱ्हाणी. ऐकून झालं की टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि त्यानंतर आरती. सापडलेलं पाकीट मागायला येणाऱ्याला खुणा विचाराव्यात: आत काय होतं, नोटा किती, कुणाचा फोटो. नुसतं "काळं पाकीट" म्हणणारे चारजण निघतात.

गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय देवाची आरती नाही, ही शिस्त कुठल्या पंडिताने लिहून दिली नसेल, पण इतका स्वच्छ न्याय आम्ही दुसरीकडे पाहिला नाही. तिच्यात एक उणीव मात्र दरवर्षी टोचते. टाळ दिंडीच्या हाती असतो. तळाच्या कडेला फण्या, माळा, पिना विकणाऱ्या पोरीच्या हाती नसतो. आणि काही हरवलं की पहिला संशय तिच्यावर जातो.

हा संशय नवा नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच्याच मुख्य गावी, सोलापुरात, अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात डांबलं होतं. त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. १९५२ साली कायदा गेला, माणसं विमुक्त झाली, पण बघणाऱ्यांचे डोळे तेच राहिले. वारकऱ्याने तरी हे करू नये, कारण आपल्या चोखोबांवरही चोरीचाच आळ आला होता. देवाच्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात दिसला आणि त्यांना मार खावा लागला, अशी कथा आपणच कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. त्या वेळी हार दिला कुणी हे कुणी विचारलं नव्हतं. महाद्वारापाशी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तिथे माथा टेकवणाऱ्याने वाल्ह्याच्या तळावर कुणाचं गाठोडं उलटंपालटं करावं, हे कसं चालेल?

म्हणून आमच्या दिंडीत अलीकडे ठरलं आहे, की काही हरवलं तर आधी आपलं सामान तपासायचं. ट्रकमधल्या पडश्या उतरवून, अंथरूण झटकून, शेजारच्या राहुटीत विचारून. अर्धं हरवलेलं तिथेच सापडतं. कुणावर संशय असलाच तर तो विणेकऱ्याच्या कानात सांगायचा, चारचौघांत नाही. आणि उगाच कुणावर आळ घेतला असं निघालं, तर ज्याने घेतला त्याने त्या पालापुढे जाऊन हात जोडायचे, सगळ्यांच्या देखत, कारण आळ सगळ्यांच्या देखत घेतला होता. हे जड जातं. एकदा घडलं की पुढच्या वर्षी जिभा सांभाळून चालतात.

तरी टाळाचा प्रश्न उरतोच. कडेच्या पालातल्या कुणाचं गाऱ्हाणं असेल, तर समाजआरतीला आमचे टाळ थांबू नयेत, चोपदार आले की विणेकऱ्याने त्या माणसाला पुढे करावं, एवढी मागणी आम्ही दिंडीच्या बैठकीत मांडली आहे. काही जाणते म्हणतात, टाळ दिंडीच्याच तक्रारीसाठी. काही म्हणतात, तळावर जो उभा आहे तो माउलींच्याच दिंडीतला. बोलणं अजून चालू आहे. उद्या पहाटे निघून नीरेवर पोचायचं आहे. कपड्यांपाशी थांबणारी पहिली तुकडी ठरली, दुसरीची नावं अजून यायची आहेत.