उच्चाटन, गारुड आणि करणी

बुधवार, रात्र. दादर.

संध्याकाळी लोकलच्या दरवाजाजवळ उभी असताना डब्याच्या पत्र्यावर चिकटवलेले एक पत्रक वाचले: 'वशीकरण, करणी, गृहक्लेश, 24 तासांत इलाज'. खालचा कोपरा कुणीतरी फाडल्यामुळे मोबाइल क्रमांक अर्धाच उरला होता. वशीकरण हा शब्द थेट तंत्रशास्त्रातला. शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण ही तिथली षट्कर्मे, आणि त्यांतले उच्चाटन म्हणजे मंत्रप्रयोगाने एखाद्याला त्याच्या जागेवरून हुसकावून लावणे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या लांबलचक नावात याच प्रथांचे 'समूळ उच्चाटन' करण्याची भाषा आहे. मांत्रिकाचा शब्द कायद्याने मांत्रिकाविरुद्धच वापरावा आणि तो कुणाच्या कानाला खटकूही नये, इतका तो मूळ अर्थापासून सुटला आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते.

गारुडाचेही तसेच. गरुडावरून आलेला हा शब्द सापाचे विष उतरवणाऱ्या मंत्राचा. आता गायिकेचे सूर मनावर गारुड करतात. भुताने झपाटणे ही घरादाराची झोप उडवणारी गोष्ट होती, पण 'झपाटून काम करते' ही आज शाबासकी ठरते. माया तर शिंप्याच्या मशीनपर्यंत पोहोचली. ब्लाउज पुढे घट्ट झाला तर उसवून सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात, त्यालाही मायाच म्हणतात, आणि मला ती वेदान्तातल्या मायेपेक्षा आईच्या मायेच्या अधिक जवळची वाटते.

'भारणे' मात्र अजून दोन्ही घरांत नांदते. व्याख्यान ऐकून आपण भारावून जातो. पण उंबऱ्यापाशी पडलेले लिंबू भारलेले असेल या भीतीने ते ओलांडायला कचरणारी माणसे आमच्याच चाळीत आहेत.

आणि करणी? चेटूक निदान कवितेत कुणाच्या तरी डोळ्यांना मिळाले, पण 'तिने माझ्यावर करणी केली' हे वाक्य कौतुकाने उच्चारलेले मी कधी ऐकलेले नाही. ज्या शब्दावर आजही विश्वास ठेवला जातो, तो अलंकार म्हणून वापरायला जीभ धजत नसावी. करणीच्या संशयावरून शेजाऱ्यांनी, कधी सख्ख्या भावकीने, एखाद्या म्हातारीला मारहाण केल्याच्या बातम्या अजून छापून येतात, आणि त्या बातम्यांत हा शब्द त्याच्या जुन्या, शब्दशः अर्थानेच येतो.