विचारला होता रंग

लायसन्सवर ‘एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर’ असं भारदस्त लिहिलेलं असलं तरी फ्लाइंग क्लबातली पोरं मला काकाच म्हणायची. त्या सकाळीही एक जण तसाच म्हणाला, “काका, क्लीन आहे ना?”

ऑगस्ट होता. चार दिवस पावसाची झड. हँगर भरलेला, त्यामुळे एक सेसना १५२, दोन सीटचं शिकाऊ विमान, बाहेरच भिजत उभी होती. पाचव्या दिवशी पहाटे उघडीप मिळाली आणि राहिलेली उड्डाणं उरकायची घाई सुरू झाली. एकोणीस वर्षांच्या त्या पोरानं डाव्या पंखाखालच्या झडपेला कप लावून टाकीच्या तळाचं पेट्रोल काढलं. हे रोजचंच. पाणी पेट्रोलपेक्षा जड, टाकीत असेल तर तळाशी बसतं, आणि कपात दोन थर होऊन मध्ये रेघ दिसते. हँगरच्या पिवळ्या दिव्याखाली त्यानं कप वर धरला. रेघ नव्हती, कचरा नव्हता. “एकदम,” म्हणालो आणि सही ठोकली.

टेकऑफआधीची इंजिनाची तपासणी व्यवस्थित झाली. विमान उठलं. मी चहा घेत होतो, पण मेकॅनिकचे कान चहा पितानाही इंजिनापाशीच असतात. आवाज एकदा अडखळला, पुन्हा अडखळला आणि गेलाच. मग रनवेच्या कडेला ओरडणारी टिटवी तेवढी ऐकू येत राहिली.

उंची असेल तीनशे फूट. अशा वेळी मागे सोडलेला रनवे फार जवळचा वाटतो, आणि तिथेच माणसं जातात. चढताना वेग आधीच बेताचा, इंजिन गेल्यावर तो झपाट्यानं उतरतो. त्यात घाईनं वळवलं की पंख स्टॉल होतो, म्हणजे उचलून धरणं सोडतो, आणि विमान भोवंडून खाली येतं. नाक खाली करायचं, साठ नॉटचा वेग धरायचा, समोर असेल त्यात उतरायचं. इन्स्ट्रक्टर मॅडमनी तेच केलं. समोर ऊस होता.

आम्ही चिखलातून धावत पोहोचलो तेव्हा दोघं बांधावर बसलेली. मॅडमच्या कपाळाला खोक, पोराच्या एका पायात बूट नाही. शेतमालक आमच्या आधीच तांब्याभर पाणी घेऊन आला होता. उसाचं नाव त्यानं दुपारपर्यंत काढलं नाही. मॅडम सारखं एकच म्हणत होत्या, “वळले नाही हां मी काका, वळले नाही.”

मी मात्र प्रोपेलरकडे बघत होतो. एक पातं मागे वाकलेलं, दुसरं जवळजवळ सरळ. इंजिन जोरात चालू असताना जमिनीला लागलं असतं तर दोन्ही पात्यांची दशा झाली असती. ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात, दोन्ही एकदम जाणं दुर्मिळ. मग राहतं इंधन. पोटात गोळा आला, कारण सही माझी होती.

डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, माणसं येईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर कार्ब्युरेटर उघडला. तळातला थेंब मी बोटावर घेतला. पेट्रोल गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. हा तसाच बसून राहिला. डाव्या टाकीच्या झाकणाचं रबर वाळून चिरलं होतं. चार दिवसांचा पाऊस तिथूनच झिरपत होता.

मग कपात रेघ का दिसली नाही? कारण कपात पेट्रोल नव्हतंच. सगळं पाणी. एकाच गोष्टीत रेघ कुठून येणार? आमचं अ‍ॅव्हगॅस, विमानाचं पेट्रोल, निळसर असतं; पाण्याला रंग नसतो. पिवळ्या दिव्याखाली ती फिकट निळाई मी बघितलीच नाही, शोधलीही नाही.

जबाबाच्या वेळी अधिकाऱ्यानं विचारलं, नमुन्याचा रंग कोणता होता? मी लिहिलं, स्वच्छ.

त्यांनी कागद वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला. “काका, मी रंग विचारलाय.”