ब्रिज पिकअप किरटा वाजतो, त्याचं काय करायचं

आमच्या ऑर्केस्ट्रात गिटारला जागा मुळात कमीच. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस आणि उजव्या हाताने स्ट्रिंग्ज दाबून बसलेला असतो, ऑक्टापॅड आहे, ढोलक आहे, आणि या सगळ्यातून मी ब्रिज पिकअपवर (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारी चुंबक-कॉइल, ब्रिजचा म्हणजे तारा बांधलेल्या टोकाजवळचा) एखादा पीस वाजवला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं ऐकू येतं. गिटार म्हणजे स्वस्तातली स्ट्रॅट, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर धाटणीची, तीन सिंगल कॉइलवाली, म्हणजे एकेक कॉइलचे तीन साधे पिकअप. नेक पिकअप, मानेकडचा, गोड आहे, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण लीडला ब्रिजवर गेलं की वरच्या दोन तारा एकदम किरट्या. मला तिथे भरदार आवाज हवा होता, हेवी मेटलचा नाही, थोडासाच ड्राइव्ह (ॲम्पचा फाटका आवाज) असताना एकेक नोट अंगाने जाड वाटली पाहिजे एवढंच.

हे कोणालाही सांगितलं की एकच सल्ला मिळतो, हॉट पिकअप टाक, म्हणजे जास्त वेढ्यांचा, जोरकस सिग्नल देणारा. आणि मला नेमकं तिथेच पटत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी हे बघा की ब्रिज पिकअप किरटा का असतो. तार ब्रिजपाशी बांधलेली, त्यामुळे तिथे ती कमीच हलते, मूळ सूर बारीक आणि वरचे हार्मॉनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे उपसूर, त्या मानाने जास्त. म्हणजे पिकअप कुठलाही टाका, जागा तीच राहणार. त्यात स्ट्रॅटचा ब्रिज पिकअप तिरका बसवलेला असतो, पातळ तारांच्या बाजूने ब्रिजच्या अजून जवळ, म्हणजे ज्या तारांना मदत हवी त्यांनाच जास्त किरटं केलंय. जिमी हेंड्रिक्स डावखुरा, उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून तारा फिरवून लावायचा, त्यामुळे त्याच्याकडे हा तिरकेपणा आपोआप उलटा झाला, पातळ तारा ब्रिजपासून लांब आणि जाड तारा जवळ. त्याच्या आवाजाचं सगळं श्रेय याला द्यायचं नाही, पण फरक पडतो हे नक्की, आणि म्हणूनच काही कंपन्या आजही उलटा तिरका ब्रिज पिकअप देतात.

पैसे घालवायच्या आधी फुकटातल्या गोष्टी करून घ्या बरं का. एक म्हणजे पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि तारेच्या खालपासून पोलपीसपर्यंत (पिकअपमधला तारेखालचा खुंटा) मोजायचं, साध्या सिंगल कॉइलला फेंडरचं माप जाड तारेकडे २ मिमी आणि पातळ तारेकडे १.६ मिमी असं आहे. बहुतेकांचा नेक पिकअप नको तितका वर असतो आणि त्याच्यापुढे ब्रिज बिचारा रोडका वाटतो, नेक थोडा खाली घेतला तरी अर्धं भांडण मिटतं. मात्र अल्निकोचे, म्हणजे स्वतःच चुंबक असलेले पोलपीस असतील तर तारेला फार जवळ नेऊ नका, चुंबक तारेला ओढतो आणि जाड तारांवर सूर डुगडुगायला लागतो.

दुसरं म्हणजे टोन नॉब. बऱ्याच स्ट्रॅटमधे जुन्या पद्धतीच्या वायरिंगमुळे ब्रिज पिकअपला टोन नॉबच नसतो, दोन्ही नॉब नेक आणि मिडलचे. स्विचच्या मागे एक छोटी वायर जोडली की खालचा टोन ब्रिजलाही लागतो आणि तो ६-७ वर ठेवला की किरटेपणा बराच खाली येतो. वायरच्या तुकड्याचा खर्च काय, काहीच नाही. तारा ९ च्या असतील तर १० च्या, म्हणजे जरा जाड, लावून बघा. आणि केबल! लांब केबल ट्रेबल खाते, तिची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) मीटरला साधारण १०० पिकोफॅराड, स्वस्त केबलला त्याहून जास्त. लोक याला दोष म्हणतात, पण किरट्या गिटारला जरा लांब केबल औषध म्हणून चालते.

हे सगळं करूनही माझं समाधान झालं नाही, मग पिकअप शोधायला बसलो. शोधायला बसलं की सगळीकडे किलो-ओहमचे आकडे. हा ६ चा, तो ८ चा, तो १६ चा, जणू जास्त ओहम म्हणजे जास्त आवाज. च्यायला, तसं नसतं ना! ओहम म्हणजे तांब्याच्या तारेचा रोध, बस. साध्या स्ट्रॅट पिकअपमधे ४२ गेजची, ०.०६ मिमीच्या आसपास जाडीची तार साधारण साडेसात-आठ हजार वेढे गुंडाळलेली असते, मीटर ६ किलो-ओहमच्या आसपास दाखवतो. तेवढेच वेढे ४३ गेजच्या अजून बारीक तारेने दिले की आकडा चढतो, पिकअप मात्र तेवढा ताकदवान होत नाही. त्याहून गंमत म्हणजे तांब्याचा रोध दर डिग्रीला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे एसीत २० डिग्रीला ६ दाखवणारा पिकअप मे महिन्यात पुण्यात ४० डिग्रीला मोजलात तर साडेसहाच्या जवळ दाखवेल. पिकअप काय उन्हाळ्यात हॉट झाला का? (झाला, पण तसा नाही.)

कानाला जे ऐकू येतं त्याच्या जवळचा आकडा इंडक्टन्सचा, म्हणजे कॉइल प्रवाहातल्या बदलाला किती अडवते त्याचा, हेन्रीमधला. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एका फ्रिक्वेन्सीवर उंचवटा तयार होतो आणि त्याच्या वरचं सगळं घसरत जातं. केबल धरून एकूण ६०० पिकोफॅराड पकडले तर साधारण २.४ हेन्रीच्या स्ट्रॅट पिकअपचा उंचवटा ४ हजार हर्ट्झच्या वर येतो, तिथेच तो काचेसारखा चकाकतो. ४.४ हेन्रीच्या जुन्या धाटणीच्या हंबकरचा (दोन कॉइलचा पिकअप) ३ हजारच्या आसपास. आणि भरपूर गुंडाळलेल्या ८ हेन्रीच्या हॉट पिकअपचा सव्वादोन हजारच्या आसपास. आता यातून मला जे कळलं ते असं की भरदारपणा हा त्या मधल्या पट्ट्यात आहे. उंचवटा अजून खाली नेला की आवाज जाड होतो खरा पण गाळ बसल्यासारखा होतो, ॲम्प लवकर फाटायला लागतो आणि हळू-जोरात वाजवल्यातला फरक निघून जातो. घरी एकटं वाजवताना हे सुखाचं वाटतं. स्टेजवर कीबोर्डच्या मधे तो आवाज गायब होतो.

चुंबकाचं थोडक्यात. स्वस्त स्ट्रॅटमधे बरेचदा पोलपीस साध्या लोखंडाचे आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. महागड्यात पोलपीस स्वतःच अल्निकोचे, म्हणजे लोखंडासोबत ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट. अल्निको ५ जोरकस, अल्निको २ मऊ. पण सिरॅमिक म्हणजे वाईट असं काही नाही, १९७२ सालचा डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप सिरॅमिकच आहे आणि पिकअप बदलायची फॅशनच त्याने सुरू केली.

मग पर्याय काय काय होते. थोडे जास्त वेढे दिलेला अल्निको सिंगल कॉइल आणि त्याच्या खाली लोखंडी प्लेट, टेलिकास्टरच्या ब्रिज पिकअपला असते तशी, त्याने इंडक्टन्स जरा वाढतो. हा पर्याय मला मनापासून आवडला होता, स्ट्रॅटचा स्वभाव तसाच राहतो. पी-९० हा मोठ्या आकाराचा सिंगल कॉइल जाड आणि खरखरीत छान वाजतो पण स्ट्रॅटच्या भोकात बसत नाही. बॅटरीवाले ॲक्टिव्ह पिकअप मला नकोच होते, गणपतीच्या दिवसात आधीच वायरलेस माइकच्या बॅटऱ्या बघत फिरावं लागतं.

अडलं ते हमवर, म्हणजे विजेच्या लाइनच्या घूं आवाजावर. मांडवात स्टेज म्हणजे हॅलोजन, डिमर, एलईडी पार, बाहेर जनरेटर, आणि अर्थिंग असलंच तर देवाची कृपा. आपल्याकडे लाइन ५० हर्ट्झची, सिंगल कॉइल ती ५० ची घूं आणि तिच्या वरच्या पट्ट्यांमधली चरचर सगळी पकडतो, ड्राइव्ह चालू केला की दोन ओळींच्या मधल्या शांततेत तीच ऐकू येते. जास्त वेढ्यांचा सिंगल कॉइल तर हमही जास्त उचलतो. यावरचा उपाय गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मधेच शोधून पेटंटला अर्ज केलेला, दोन कॉइल उलट गुंडाळायच्या आणि चुंबकाची दिशाही उलट, म्हणजे तारेचा सिग्नल एकमेकांत मिळतो आणि हम एकमेकांना मारतो. नाव हंबकर ते त्यामुळेच.

मोठा हंबकर बसवायचा तर पिकगार्ड बदला, कधी लाकूडही कोरा. मी सिंगल कॉइलच्या मापातला घेतला. त्यातही सेमोर डंकन कंपनीचा हॉट रेल्स सगळे सुचवतात, तो मला वरच्या हिशोबाने जरुरीपेक्षा जास्त गरम वाटला, म्हणून त्यांचाच लिटल ५९ घेतला, जुन्या हंबकरच्या स्वभावाकडे झुकणारा. बाकीचे दोन तसेच ठेवले. पूर्ण सेट घ्यायचा मोह होतो, पण ज्याची तक्रार नाही तो पिकअप बदलायचा कशाला.

बसवताना रंगांकडे लक्ष द्या, यात भलेभले फसतात. डंकनमधे काळी वायर हॉट (इथे हॉट म्हणजे सिग्नलची), लाल-पांढरी एकत्र जोडून टेप मारायची, हिरवी आणि उघडी अर्थला. डिमार्झिओमधे लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र, हिरवी अर्थला. म्हणजे एकाचा काळा हॉट आणि दुसऱ्याचा मधल्या जोडातला. आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एका गिटारीत आले की ब्रिज आणि मिडल एकत्र लावल्यावर आवाज अचानक नाकातून यायला लागतो, पातळ, बेस गायब. पिकअप खराब नसतो, दोघांचा फेज उलटा असतो, म्हणजे एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली. चार वायरवाल्यात डंकनची काळी-हिरवी, डिमार्झिओची लाल-हिरवी अदलाबदल केली की झालं, उघडी वायर मात्र अर्थलाच ठेवायची.

पॉटचंही, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रोधाचंही, ठरवावं लागतं. सिंगल कॉइलला २५० के (किलो-ओहम), हंबकरला ५०० के अशी रीत आहे, कारण छोटा पॉट तो उंचवटा दाबतो आणि आवाज मऊ करतो. मी २५० के तसेच राहू दिले. ब्रिजच्या जागी मुळातच ट्रेबल उतू जात असतो, त्याला अजून वाट कशाला द्यायची.

आवाज? वरच्या दोन तारांना अंग आलंय, पीस वाजवताना कीबोर्डच्या वर येतो, आणि डिमर फिरवला तरी ब्रिजवर शांतता. गेलं काय तर ब्रिज-मिडलची ती स्ट्रॅटची टुकटुक, साध्या ऱ्हिदमला लागणारी, ती आता जाडसर झालीय आणि आमच्या गायिकेने लगेच विचारलं की आधीचा आवाज कुठे गेला. त्यावर उपाय म्हणजे एक कॉइल बंद करायचा पुश-पुल पॉट, तेव्हा तेवढ्यापुरता हम परत येणार आणि आवाजही थोडा पडणार. पॉट मागवलाय, तोपर्यंत ऱ्हिदम नेक-मिडलवर चालू आहे.